पाण्याआधीचं झाड

बाईला वय विचारू नये आणि पुरुषाला पगार, असं जुने लोक सांगायचे. झाडाला वय विचारायला कुणाचीच हरकत नव्हती, पण झाड सांगणार कसं? त्यामुळे कृष्णाकाठच्या त्या शहरात ज्याला जे वाटेल ते वय त्याने आपल्या झाडाला चिकटवून टाकलेलं होतं. कुठल्याही पारावर जाऊन विचारा, आमचा पिंपळ पाचशे वर्षांचा. आणि पलीकडच्या गल्लीतला? तो फार तर चारशेचा. त्यांचा आमच्याहून जुना असून कसं चालेल?

मग पानघड्याळ आलं आणि पुष्कळ पारांवरची हवा गेली.

थंड मुलखातल्या झाडांच्या खोडात दर वर्षी एक कडं उमटतं. ती कडी मोजली की वय कळतं. आपल्याकडच्या आंब्याला न् वडाला असली शिस्त नाही. वर्षातून दोन-तीनदा पालवी फुटते, कडी एकमेकांत मिसळतात, आणि मोजायचीच म्हटली तर झाड आडवं करावं लागतं. पानघड्याळाने खोडाचा नादच सोडला. झाडाची प्रत्येक पेशी आपल्या डीएनएवर मिथाइलच्या बारीक खुणा बाळगून असते. पेशी दुभंगली की खुणांचीही नक्कल होते, आणि नक्कल करताना इथली एखादी खूण गळते, तिथली एखादी वाढते. वर्षामागून वर्षं हे ठरावीक गतीने चालू असतं. फक्त बी तयार होताना ही पाटी पुसली जाते. तेव्हा कोवळ्या पानातली पाटी किती खरडली गेलीय ते पाहिलं, की झाड बियातून बाहेर पडल्याला किती वर्षं झाली ते सांगता येतं. एक पान, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, आणि चहा उकळेपर्यंत उत्तर.

महापालिकेने त्याच्या जोरावर ‘मानाची झाडं’ ही योजना काढली. शंभरी ओलांडलेल्या झाडाला तांब्याची पाटी मिळायची, समितीचे अध्यक्ष त्याला शाल गुंडाळायचे (सत्काराशिवाय आपल्याकडे काही सुरू होत नाही), आणि भर दुपारी त्याची सावली जिथवर पडते तिथवर कुणालाही वीट लावता येत नसे. बाकी झाडं परवानगी काढून, बदल्यात दहा रोपं लावून तोडता येत. मानाच्या झाडाला मात्र मालकानेही हात लावायचा नव्हता.

शहरात पानघड्याळ चालवणारी एकच व्यक्ती होती, वृक्ष अधिकारी डॉक्टर सारिका झोरे. पंचावन्न वर्षांची, सडपातळ, उन्हाने रापलेली बाई. खांद्याला यंत्राची पिशवी आणि डोक्याला सुती रुमाल बांधून ती गल्लोगल्ली फिरे, आणि लोक तिला ‘झाडांची ज्योतिषीण’ म्हणत.

योजनेच्या पहिल्याच वर्षी एक गंमत झाली. एक रोपवाटिकावाला स्कूटरच्या पायाशी कुंडी ठेवून कार्यालयात आला. कुंडीत गुडघ्याएवढं हापूसचं कलम. म्हणाला, याचं वय काढा. सारिकाने हसतहसत पान तोडून यंत्रात घातलं आणि तिचं हसू मावळलं. यंत्राने तीनशे तीस वर्षं दाखवली. कुंडीवाला म्हणाला, “मग आता शाल कुठं गुंडाळायची, कुंडीला?”

यंत्र खोटं बोलत नव्हतं. कलम म्हणजे जुन्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायची. ती काडी बियातून गेलेलीच नसते, तिची पाटी पुसलेलीच नसते. बदली झाली तरी नोकरी तीच, तसा हा प्रकार. शहरातला प्रत्येक हापूस, प्रत्येक पायरी, परसातली काल लावलेली कलमंसुद्धा शेकडो वर्षांची निघू लागली. जिथे यंत्र बनलं तिथल्या जंगलात कलमं कोण बांधतं? यंत्र बनवणाऱ्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. पेपरवाल्यांनी आठवडाभर मजा घेतली. मग समितीने कलम जोडलं, म्हणजे कायद्यात, की कलमी झाडाला मान नाही. हापूस, पायरी, केसर सरसकट बाहेर. रायवळ आंब्याचा मात्र प्रश्नच नव्हता. बाठा फेकला की उगवतो तो रायवळ. त्याला कलम करायचे कष्ट कोण घेतो? तेव्हा रायवळापुरतं मालकाने तोंडी सांगितलं तरी पुरे, असं ठरलं.

त्यानंतर दोन वर्षांनी सारिकाच्या भावाचा फोन आला.

“सारू, दारातल्या शेप्या आंब्याचं एकदा वय काढून दे बाई. पन्नास-पंचावन्नचा आसंल. तेवढा कागुद झाला की बिल्डर कामाला लागतोय.”

“दादा, तोडायचंच ठरलं?”

“हर्षद म्हनतोय, चार मजली बांधू. दोन मजले बिल्डरला, दोन आपल्याला. मग त्यो पुन्याचं बिऱ्हाड मोडून हितं येनार हाय. नातीला घिऊन.” आणि मग जरा थांबून, “तुज्या वैनीचं गुडघं बी गेल्यात. लिफ्ट हुईल.”

 सारिका ‘बरं’ म्हणाली. स्वतःच्या भावाच्या झाडाला स्वतः कसं तपासावं, म्हणून तिने अध्यक्षांना, निवृत्त प्राचार्य नागवेकर सरांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, यंत्राला नातीगोती कळत नाहीत. जा खुशाल.”

भावाचं घर वेळेखोल वसाहतीत होतं. वेळेखोल हे सह्याद्रीच्या कुशीतलं गाव होतं. धरण झालं, गाव पाण्यात गेलं, आणि ट्रकांतून इथे आणून सोडलेल्या माणसांनी शहराबाहेरच्या माळावर घरं बांधली. आता शहर माळाच्या कितीतरी पुढे गेलं होतं. पण वसाहतीतल्या जुन्या माणसांचं कॅलेंडर वेगळंच होतं. कुणाचं लग्न कधी झालं? पाण्याआधी. म्हातारी कधी गेली? पाण्यानंतर तिसऱ्या वर्षी. सारिका ‘पाण्यानंतरची’ होती, आणि लहानपणी हे तिला एखाद्या व्यंगासारखं वाटायचं. बायका निवडणं-टिपणं करता करता वेळेखोलच्या, तिथल्या देवळापुढच्या शेप्या आंब्याच्या गोष्टी सांगायच्या, ती मध्येच काही विचारायची, आणि कुणीतरी मायेने म्हणायचं, “तुला न्हाई कळायचं, तू पाण्यानंतरची.” न पाहिलेल्या गावाची तिला इतकी ओढ होती की स्वप्नातसुद्धा ती तिथे जायची, आणि तिथली घरं तिला वसाहतीतल्या घरांसारखीच दिसायची, कारण दुसरी तिने पाहिली नव्हती.

आनंदादादा पाण्याआधीचा. गाव सुटलं तेव्हा नऊ वर्षांचा. पण त्याच्या तोंडून वेळेखोलचं नाव कधी निघालं नाही. ती फार मागे लागली तर म्हणायचा, “बुडालं ते बुडालं. त्यात काय सांगायचं?” आणि उठून जायचा.

दारातला शेप्या आंबा तेव्हापासून होता. फळ छोटं, केसाळ, चोखून खायचं, आणि वास शेपूचा. शेपूची भाजी न खाणारी माणसं नाक मुरडत. आबा, म्हणजे त्यांचे वडील, ज्येष्ठात वसाहतीतल्या घरोघरी या आंब्यांची एकेक पाटी पाठवायचे. म्हाताऱ्या बायका आंबा नाकाशी धरायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. शेपूचा वास डोळ्यांना झोंबतो, असं सारिका पुढे कितीतरी वर्षं समजत होती.

ती गेली तेव्हा रंजनावैनी ओट्यावर पाय पसरून लसूण सोलत होत्या. “या वन्सं. एवढं जमवा म्हंजी झालं. नात बोबडं बोलती ते फोनवर ऐकायचं. मांडीवर कवा बसनार ती?” सारिकाने एक कोवळं पान तोडलं. दादाने चहा ठेवला. चहा उकळला, यंत्र वाजलं, आणि तिने पडद्याकडे दोनदा पाहिलं.

दोनशे चौदा.

“यंत्र बिघाडलंय तुजं,” दादा म्हणाला. “आगं, माज्या डोळ्यांम्होरं वाढलंय हे झाड. मी ह्याच्याहून उंच हुतो.”

तिने दुसरं पान घातलं, तिसरं घातलं. तेच. दादाने हर्षदला फोन लावला. हर्षद समंजस मुलगा, आवाज चढवला नाही. “आत्या, तू ते नोंदवू नकोस ना. पुन्हा कधीतरी कर.” पण पानघड्याळाचा आकडा उमटला की समितीकडे आपोआप जातो. गुरुवारी समिती पाहणीला येणार हे ठरून गेलं होतं.

“तर मग झालंच,” वैनी म्हणाल्या आणि लसणाची पाटी उचलून आत गेल्या.

त्या रात्री सारिकाला झोप लागली नाही असं लिहायला हवं, पण ती छान झोपली. झाड वाचलं याचाच तिला आनंद झाला होता. सकाळी मात्र तिच्यातली शास्त्रज्ञ तिच्याआधी उठली. दादा खोटं सांगत नव्हता. खोड दोनशे वर्षांचं दिसतच नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट, जी तिला एवढ्या वर्षांत सुचायला हवी होती. बाठ्यातून आलेला आंबा आईची चव जशीच्या तशी उचलत नाही. शेप्याचा बाठा पुरला तर काय वर येईल ते देवाला ठाऊक. मग या आंब्याला वेळेखोलच्या शेप्याचा वास कसा, आणि म्हाताऱ्या कशाला पदर डोळ्यांना लावत होत्या?

ती खुरपं घेऊन वसाहतीत गेली. दादा बाजारात गेला होता. पूर येऊन गेल्यावर अंगणात दोनदा मुरूम टाकला होता, त्यामुळे झाडाचा बुंधा हातभर गाडला गेला होता. तिने बसून मुरूम उकरला. खाली एका जागी साल बदलत होती. वर खवल्याखवल्यांची, खाली गुळगुळीत, आणि मध्ये जुनी जखम भरून आल्यासारखा फुगवटा. मुरमातून बोटभर वर आलेला एक फुटवा त्या फुगवट्याच्या खालून निघाला होता. तिने यंत्र चाचणीवर लावून त्याचं पान आत घातलं.

अठ्ठावन्न.

एकाच खोडाची दोन वयं. फुगवट्याच्या खाली पाण्याच्या आदल्या वर्षी रुजलेलं साधं रोप, आणि वर दोनशे चौदा वर्षांची काडी. रायवळाला कलम करायचे कष्ट कोण घेतो, असं समितीने म्हटलं होतं. आबांनी घेतले होते.

सारिका मुरमातच बसून राहिली. वेळेखोलच्या देवळापुढचा शेप्या, ज्याच्या गोष्टी ऐकत ती वाढली, तो पाण्याखाली कुजून गेला असं सगळे धरून चालले होते. तो इथे होता. त्याचं पोर नव्हे, तोच. लहानपणी ती ज्या फांदीला झोका बांधायची ती वेळेखोलची फांदी होती. ती पाण्यानंतरची होती, पण झोके पाण्याआधीच्या झाडावर घेत होती, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

मग डोळे पुसून ती विचार करू लागली. गप्प बसलं तर झाड वाचत होतं. फुटव्याचा आकडा यंत्रातच ठेवता आला असता. चाचणीचे आकडे पुढे जात नाहीत. पण दादाचं घर, वैनींचे गुडघे, ती बोबडी नात? कायद्याने हे कलम होतं. दादाला न सांगता त्याचा हक्क गिळायचा, आणि तोही झाडावरच्या प्रेमापोटी, हे तिला जमेना. आबांची काडी तिला जितकी हवी होती तितकीच ती दादाचीही होती. तो बाजारातून येईपर्यंत तिने खड्डा बुजवला नाही.

“हे काय उकरून ठेवलंयस?” दादाने भाजीची पिशवी खाली ठेवत विचारलं.

तिने त्याला फुगवटा दाखवला आणि सगळं सांगितलं, शास्त्र बाजूला ठेवून, साध्या शब्दांत. “आबांनी वेळेखोलच्या शेप्याच्या काड्या आणल्या असणार दादा. त्यातली एक इथं बांधली. तुला काही आठवतंय?”

दादा उकिडवा बसला. त्याने फुगवट्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“ट्रक आला हुता सरकारचा,” तो म्हणाला. “पेट्या, भांडी, शेरडं, समदं चढलं. खंड्या माज्या पायात घुटमळत हुता. माजं कुत्रं. आबा म्हनलं, जागा न्हाई, कुत्रं हितंच ऱ्हाऊ दे. आन माज्या मांडीवर काटक्यांचा ह्यो थोरला भारा दिला. केळीच्या सोपटात गुंडाळल्याला, वल्लाचिंब. म्हनलं, खाली ठिवायचा न्हाई. माजी चड्डी भिजली. कुत्र्याला जागा न्हाई, आन काटक्यांना हाय.”

सारिकाने खुरपं बाजूला ठेवलं.

“खंड्या मागनं पळत आला, खिंडीपातूर. मग खिंड आली.” त्याने हात झाडले. “मी आबासंगं म्हैनाभर बोललो न्हाई. नंतर बोललो, पर ते मनातनं कधी गेलं न्हाई. म्हातारा मरताना बी मनात हुतं. त्या काटक्यांचं काय झालं म्हनून मी इचारलं न्हाई. वाळल्या आसतील, जळणात गेल्या आसतील.”

“बाकीच्या वाळल्याच असतील. एक जगली.”

“आन म्हाताऱ्यानं बी सांगितलं न्हाई.”

“तू विचारलं नाहीस. आणि त्यांना काय तोंड असणार, तुला सांगायला?”

दादाने मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते तिला कळलं नाही. मग ती म्हणाली, “गुरुवारी सर तुला एकच प्रश्न विचारतील, कलम की बाठ्याचं. तू जे आहे ते सांग. कलम म्हणालास की झाडाला मान नाही. महिन्याभरात परवानगी मिळेल, घर होईल. मी मध्ये येणार नाही.”

“तुला चालंल?”

“नाही चालणार. पण ते मी बघीन.”

वैनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत जाऊन बाजारातली भाजी निवडू लागल्या, आणि निवडता निवडता कुणाशी तरी फोनवर हसून बोलू लागल्या. पलीकडून बोबडा आवाज येत होता.

गुरुवारी नागवेकर सर शाल आणि तांब्याची पाटी घेऊन आले. सोबत समितीचे दोन सभासद. वसाहतीतली माणसं फाटकाशी जमली. वय झालेल्या, पाण्याआधीच्या अशा आता मोजक्याच म्हाताऱ्या उरल्या होत्या, त्यांना पुढे खुर्च्या दिल्या. सरांनी झाडाभोवती फेरी मारली, चष्मा वर केला.

“दोनशे चौदाच्या मानाने खोड बारीक दिसतंय, आनंदराव.”

“मुरमाड जमीन हाय, सर,” दादा म्हणाला. “हितं मानूस बी वाढत न्हाई.”

माणसं हसली. सरही हसले. “बरं, आता नियमाचा प्रश्न. तुम्ही मालक, तुमचा शब्द आम्हांला प्रमाण. हे झाड कलमी आहे की बाठ्याचं?”

सारिकाचे कान त्या एका शब्दाकडे लागले होते. ‘कलम’ म्हणायला किती वेळ लागतो? तीन अक्षरं. तिने मनाची तयारी केली होती. तोडण्याच्या दिवशी आपण गावात राहायचं नाही, हेही ठरवून ठेवलं होतं. दादाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. वैनींकडे पाहिलं, आणि मग नजर वळवली.

“बाठ्याचं,” तो म्हणाला.

“नक्की?”

“लई जुनं हाय, सर. हा माळ रिकामा हुता तवाचं. आमी आलो तवा झुडपावानी हुतं, वरनं तोडून न्हेलेलं. आबानं राखलं. त्येच्या आदी कुनी बाठा टाकला, देवाला म्हाईत.”

आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस एकदा बोलू लागला की किती सफाईने बोलतो, याचं सारिकाला नवल वाटलं. खुर्चीतल्या म्हाताऱ्यांना हे झाड इथे माळावर नव्हतं हे पक्कं ठाऊक होतं. त्यांतल्या एकीने तोंडाला पदर लावला. 

सर सारिकाकडे वळले. “मॅडम, तुमचं काही म्हणणं?”

तिच्या पिशवीत यंत्र होतं आणि यंत्रात अठ्ठावन्नचा आकडा होता. नोकरीच्या तीस वर्षांत तिने एका झाडाबद्दलही चुकीचं लिहिलं नव्हतं, ना आमदाराच्या सांगण्यावरून, ना साहेबांच्या. तिला लाज वाटली, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की लाजेला जागा उरली नाही. यंत्र खरं बोलत होतं, झाड दोनशे चौदा वर्षांचंच होतं, चुकलेला होता तो कायदा, असं ती पुढे स्वतःला समजावत राहिली. ते तितकंसं खरं नव्हतं हेही तिला माहीत होतं.

“काही नाही, सर,” ती म्हणाली.

शाल गुंडाळली गेली, पाटी ठोकायची नसते म्हणून सुतळीने बांधली गेली, पेढे वाटले गेले. समिती गेली. माणसं पांगली. मग वैनी बाहेर आल्या.

“मला एकदा तरी इचारायचं हुतं,” त्या दादाला म्हणाल्या.

“इचारलं आसतं तर तू नको म्हनली आसतीस.”

“म्हनले आसतेच. नात माजी बी हाय.” त्या ओट्यावर बसल्या, आणि गुडघ्यांवर हात चोळत राहिल्या. हर्षदला दादाने स्वतः फोन करून सांगितलं.  मग हर्षद म्हणाला, “ठीक आहे, बाबा,” आणि फोन ठेवला. ते ठीक नव्हतं, आणि लवकर ठीक होणारही नव्हतं.

सारिका निघायला उठली तेव्हा उन्हं कलली होती. दादाने चपला घातल्या.

“कुठं निघालास?”

“हिकडं ये.” तो झाडाच्या खोडाला पाठ लावून उभा राहिला. डोळे बारीक करून त्याने आधी उगवतीकडे पाहिलं, मग मावळतीकडे. “वेळेखोलात हे झाड देवळाम्होरं हुतं. देवळाचं तोंड उगवतीला. म्हंजी देऊळ हितं, माज्या पाठीमागं. न्हाणीच्या जागंला.” तो चालू लागला. “पावलं बारकी टाक. मी बारका हुतो तवा.”

ती त्याच्यामागून निघाली. सहासष्ट वर्षांचा तो माणूस लहान लहान पावलं टाकत फाटकातून बाहेर पडला. शेजाऱ्यांची वाळत घातलेली लुगडी बाजूला सारून तो त्यांच्या अंगणात शिरला. “हितं चावडी. हितं उतार लागायचा.” कुणाच्या तरी मोटारसायकलवर हात ठेवून तो थांबला. “हितं पान्याची शिळा. आई कपडं आपटायची. लई गार पानी, हाडात जायाचं.” माणसं दारात येऊन पाहत होती. खुर्चीतल्या म्हाताऱ्यांपैकी एक काठी टेकत मागे आली आणि म्हणाली, “शिळा जरा वरल्या अंगाला हुती, आनंदा.” त्याने ऐकलं, दोन पावलं मागे आला, आणि सारिकालाही मागे घेतलं.

वसाहतीच्या कमानीपाशी, मोठ्या रस्त्याच्या कडेला तो उभा राहिला. समोरून बस गेली. तो पुढे जाईना.

“इथून पुढे काय?” सारिकाने विचारलं.

“हितं ट्रक उभा हुता.”

तो रस्त्याकडे पाहत राहिला, जिथून बस गेली होती तिकडे. सारिकाने त्याचा हात धरला. लहानपणी धरायची तसा, दोन बोटं. मग तो वळला.

“चल, घरला जाऊ.”

आपल्या घराच्या फाटकाशी तो थांबला नाही. झाड डाव्या हाताला ठेवून तो तीन घरं पुढे गेला, आणि बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीशी आला. पायरीवर धूळ होती. त्याने ती टोपीने झटकली.

“हे आपलं दार,” तो म्हणाला. “बस.”

सारिका बसली.